गुप्तहेराचा उत्तरपक्ष

मंगळवारी सकाळी दहा वाजून वीस मिनिटांनी अक्का गेली. डॉक्टरांनी चादर वर ओढली. आई खुर्चीत बसली. अण्णांनी चष्मा काढून खिशात ठेवला. भावजी जिना उतरून गेले. अर्ध्या तासाने कागदावर नवऱ्याची सही हवी होती म्हणून मी त्यांना शोधायला खाली गेले. रस्त्यापलीकडच्या हॉटेलात बसून ते खाराबात, म्हणजे आपला तिखट उपमा, खात होते.

“ये, बस,” ते म्हणाले. “गरम आहे.”

अक्का माझी थोरली बहीण, भावजी तिचे यजमान, अण्णा आमचे वडील. पंचाण्णव साल. इस्पितळ बेंगळुरातल्या शिवाजीनगरला होतं आणि आमचं घर चामराजपेटेत. मी तेव्हा एकतीस वर्षांची होते. एका वैद्यकीय महाविद्यालयाच्या ग्रंथालयात नोकरी करत होते आणि आईवडिलांजवळ राहत होते.

खाण्याबद्दल मी भावजींना दोष देत नाही. भूक कोणालाही लागते. त्या दुपारी मीसुद्धा शेजारणीने आणलेला दहीभात खाल्ला. मला आठवतं ते दुसरंच. मी कागद पुढे केला तेव्हा त्यांनी चमचा उजव्या हातातून डाव्या हातात घेतला, सही केली, आणि चमचा परत उजव्या हातात घेतला. हात कुठे अडखळला नाही.

अक्काच्या हृदयाची एक झडप लहानपणच्या तापाने बिघडली होती. हे सांगूनच तिचं लग्न केलं होतं. पस्तिशीला आली तशी तिची धाप वाढली आणि डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं. तारीख मिळाली. दाखल कधी व्हायचं हे विचारायला मी तीन दिवस आधी इस्पितळात गेले, तर कारकून माझ्याकडेच आश्चर्याने पाहू लागला.

“तारीख तुम्हीच बदलून घेतलीत ना? पेशंटच्या वडिलांचा फोन आला होता.”

त्याच्या वहीत तशी नोंद होती. अक्काच्या जागी दुसरा पेशंट घेतला होता. पुढची तारीख तेवीस दिवसांनंतरची होती. अक्का सोळाव्या दिवशी गेली.

अण्णांनी फोन केला नव्हता. म्हणजे केल्याचं त्यांना आठवत नव्हतं, आणि सगळी गोम तिथेच होती. ते निवृत्त शिक्षक, सत्तरी ओलांडलेले, आणि त्या वर्षी विसरू लागले होते. छत्री दुकानात राहायची. एकच गोष्ट एका जेवणात दोनदा सांगायचे. त्यात आणखी एक झालं होतं. ऑपरेशनची तारीख कळली त्या संध्याकाळी पंचांग उघडून ते सगळ्यांसमोर म्हणाले होते, “नेमकी अमावास्या आली की. पुढची मिळाली असती तर बरं झालं असतं.” आमच्याकडे अमावास्येला कोणी प्रवासाला निघत नाही, नवं कापड अंगाला लावत नाही. तीन-साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे पूर्वज या मुलखात आले तेव्हा भाषेबरोबर जे थोडं काही सोबत आणलं, त्यात पंचांग होतं. अशा घरातल्या म्हाताऱ्याने अमावास्येपायी ऑपरेशन पुढे ढकललं, हे ज्याला सांगावं त्याला लगेच पटायचं. आम्हालाही पटलं.

“असू द्या हो अण्णा,” फोनचं कळलं तेव्हा भावजी म्हणाले होते. “भीतीपोटी होतं माणसाच्या हातून.” आणि त्यांनी अण्णांच्या खांद्यावर हात ठेवला होता.

ज्या आठवड्यात ऑपरेशन व्हायचं होतं, त्या आठवड्यात भावजी कंपनीच्या लोकांबरोबर चार दिवस गोव्याला जाऊन आले. ती सहल आधीच ठरलेली होती. ऑपरेशनमुळे ती रद्द करणार असं ते म्हणाले होते. ऑपरेशनच पुढे गेलं म्हटल्यावर रद्द करायला कारण उरलं नाही.

अक्का गेल्यावर अण्णांना तो फोन सोडेना. जेवता जेवता ते थांबायचे. “मी काय बोललो असेन गं त्या कारकुनाशी? कन्नडमध्ये बोललो असेन, की इंग्रजीत?”

“जेवा,” आई म्हणायची.

“नाही, पण केला मीच असणार. नाही तर दुसरा कोण करणार? आणि आठवत कसं नाही मला?”

ते आपल्या स्मृतीत तो फोन शोधत बसायचे. पोरीला आपण मारलं, हे त्यांनी मान्य केलं होतं. कसं मारलं तेवढं त्यांना आठवायला हवं होतं.

मला दोन गोष्टी हव्या होत्या. फोन कोणी केला ते अण्णांना कळावं, आणि ज्याने केला त्याची चारचौघांत फजिती व्हावी. यातली कोणती मला जास्त हवी होती, ते पुढे येईल.

माझा संशय पहिल्यापासून भावजींवर होता. ते मूळचे पुण्याचे, यंत्रांचे सुटे भाग विकणाऱ्या एका कंपनीत. देखणे, हसरे. कोणाच्याही घरी पाच मिनिटांत घरचे होऊन जात. नकला करण्यात त्यांचा हात धरणारा कोणी नव्हता. अण्णांचा आवाज ते असा काढत, की आई स्वयंपाकघरातून “आलात वाटतं” म्हणून चहाचं आधण ठेवायची. अण्णा स्वतः पोट धरून हसायचे. आणि भावजी खोटं बोलायचे, तेही गरज नसताना. रिक्षावाल्याला आपण विमान चालवतो म्हणून सांगायचे. पुण्यात त्यांची आई खुटखुटीत होती. तिला त्यांनी दोनदा मारलं होतं, एकदा रजेसाठी आणि एकदा नुसतंच. अक्का हे सगळं सांगताना हसायची. शेवटच्या वर्षी तिने सांगणं बंद केलं होतं.

एकदा मी त्यांना सरळ विचारलं, “भावजी, तो फोन तुम्ही केला होतात?”

ते रागावले नाहीत. उखाणा घातल्यावर समोरचा काय उत्तर देतो म्हणून पाहावं, तसं त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “तुला काय वाटतं?”

“मला वाटतं केला होतात.”

“मग सिद्ध कर, ग्रंथपालबाई.” मग आवाज एकदम मऊ करून म्हणाले, “अण्णांना जपा. थकलेत.”

ग्रंथपालबाई हे नाव त्यांनीच मला ठेवलं होतं. नोकरीखेरीज आमच्या मराठी मंडळाची चार कपाटंही दर रविवारी मी सांभाळायचे. त्यातल्या एका कपाटात एका गुप्तहेराच्या अठ्ठावीस पॉकेटबुकांची माला होती. बेळगावहून बसने पार्सल यायचं आणि मंडळी त्यावर तुटून पडायची. भावजींनी ती सगळी पुस्तकं वाचली होती, काही दोन-दोनदा. “आपला माणूस,” ते त्या हेराबद्दल म्हणत. “कशात अडकत नाही.”

वर्षश्राद्ध झाल्यावर मी ती सगळी पुस्तकं ओळीने वाचायला घेतली. ग्रंथालयात माझ्या टेबलामागेच मानसोपचाराची कपाटं होती. त्यातल्या एका ग्रंथात ज्यांना लोक सोशिओपॅथ म्हणतात अशा माणसांची लक्षणं दिली होती. खोटं बोलणं, खोटी नावं घेणं, हेतू लपवून दुसऱ्याला वापरणं, वापरताना त्याच्या दुखण्याकडे न पाहणं, दुसऱ्याच्या जिवाची पर्वा नसणं, केल्याचा पस्तावा नसणं. ती मी एका कार्डावर उतरून घेतली आणि एकेक पुस्तक संपलं की समोर खूण करत गेले. तो हेर दर पुस्तकात नवं नाव घेई. ज्यांच्याशी खोटं बोलून काही साधणार नव्हतं, त्या हॉटेलवाल्याशी, हमालाशीही खोटं बोले. आणि जवळजवळ प्रत्येक पुस्तकात कोणी एक स्त्री त्याच्या भरवशावर राही, ती मधल्या पानांत कुठे तरी मरे, आणि पुढच्या पुस्तकात तिचा उल्लेख नसे. मागे वळून एक ओळसुद्धा नसे. आधी ही पुस्तकं वाचली तेव्हा मलाही त्या बायकांची आठवण राहिली नव्हती, हे कबूल करायला हवं. आता मी त्यांची वेगळी यादी केली.

आमच्या महाविद्यालयातले मानसोपचाराचे एक वयस्कर प्राध्यापक पुस्तक परत करायला आले होते. माणूस कन्नड, बोलायला मोकळा. मी धीर करून विचारलं, “सर, कादंबरीतल्या माणसाचं निदान करता येतं का?”

“येतं की. औषध घेत नाही, पण बरं वाटलं नाही म्हणून भांडतही नाही.” त्यांनी माझं कार्ड हातात घेऊन वाचलं. “सोशिओपॅथ हा शब्द आता लोकांच्या तोंडी राहिलाय, अम्मा. आमच्या पुस्तकात त्याला लांबलचक नाव आहे. आणि हेर खोटं बोलतो, नावं बदलतो, त्यात काय मोठं? ते त्याचं काम. कामावर नसताना कसा वागतो ते सांगा. ज्याचा काही उपयोग नाही अशा माणसाशी कसा वागतो?”

“लेखकाने ते लिहिलेलंच नाही.”

“मग लेखकाला घेऊन या माझ्याकडे.” ते हसले. कार्ड परत देताना थांबले. “नातेवाईक जेव्हा अशी यादी भरून आणतात ना, तेव्हा सगळ्या ओळींवर खुणा असतात. एकही ओळ रिकामी नसते. स्वल्प, जरा लक्षात ठेवा.”

माझ्या कार्डावर एकही ओळ रिकामी नव्हती. मी ते ड्रॉवरमध्ये टाकलं आणि लेख लिहायला घेतला.

आमच्या मंडळाचं एक हस्तलिखित निघायचं, वर्षातून एकदा, एकच प्रत. नकाशे काढण्याच्या नोकरीतून निवृत्त झालेले एक काका सगळ्यांचे लेख आपल्या सुंदर अक्षरात उतरवून काढायचे. एका रविवारी सकाळी सभागृहात त्यातल्या निवडक लेखांचं वाचन व्हायचं, आणि मग ती प्रत कापडी पिशवीतून घरोघर फिरायची. मंडळ काढलं ते वकिलांनी आणि मास्तरांनी, त्यामुळे एक नियम पक्का होता. कोणी काही मत मांडलं की लगेच पुढच्या पानावर दुसऱ्या कोणी तरी उत्तरपक्ष लिहायचा. कोणी पुढे आलं नाही तर चिठ्ठ्या टाकायच्या. मूळ लेखकाला वाचनानंतर उत्तरपक्षाला एक प्रश्न विचारता येई, फक्त एक. हा नियम इतका कसोशीने पाळला जाई, की एका वर्षी पुरणपोळीवर लेख आला तेव्हा पुरणपोळीविरुद्धही दोन पानं लिहिली गेली.

माझ्या लेखाचं नाव होतं ‘आपला नायक आजारी आहे काय?’ मी तो थंडपणे लिहिला. भावजींचं नाव नव्हतं, अक्काचं नव्हतं. त्या हेराची लक्षणं दिली, मेलेल्या स्त्रियांची यादी दिली, आणि शेवटी लिहिलं की ज्या माणसाला मागचं कोणी आठवत नाही त्याला शूर म्हणण्याआधी वाचकाने थांबावं. मला ठाऊक होतं, मंडळात ही पुस्तकं एवढी पाठ असणारा दुसरा कोणी नाही. उत्तरपक्ष कोण लिहिणार हेही ठाऊक होतं. ते काय लिहितील, हे मात्र ठाऊक नव्हतं. ते तावातावाने, आपल्यावरच लिहिलंय असं समजून उत्तर देतील आणि लोकांना काय ते दिसेल, एवढीच माझी आशा होती.

पुढच्याच रविवारी ते कपाटांपाशी आले. मजेत होते.

“काय ग्रंथपालबाई, आमच्या हिरोला वेड्यांत काढलंत?”

“वेडा नाही म्हटलेलं.”

“मग काय म्हटलंत?”

“वाचा की.”

“वाचलं. काकांनी दाखवलं. झकास लिहिलंयस. अक्काला आवडलं असतं.” हे वाक्य ते सहज बोलून गेले, हवापाण्याबद्दल बोलावं तसं. “उत्तरपक्ष माझा. चिठ्ठ्याबिठ्ठ्या टाकायच्या नाहीत.”

तीन आठवड्यांनी काकांनी उतरवलेली पानं तपासायला माझ्याकडे आणून दिली. शुद्धलेखन दरवर्षी मीच पाहायचे. भावजींचा लेख खरोखर चांगला होता. विनोदी, चटपटीत. हेर रडत बसला तर देशाचं काम कोण करणार, मेलेल्यांची नावं घेत बसायला हेर म्हणजे काय भटजी आहे, असं काय काय. मी हातात पेन्सिल घेऊन वाचत होते. तिसऱ्या पानावर नायकाच्या प्रसंगावधानाचं उदाहरण होतं.

एका शास्त्रज्ञाचं ऑपरेशन लांबवायचं असतं. हेर इस्पितळात फोन लावतो. शास्त्रज्ञाच्या म्हाताऱ्या बापाचा आवाज काढतो. त्या दिवशी अमावास्या आहे, आमच्याकडे चालत नाही, पुढची तारीख द्या, म्हणतो. कारकून वहीत खोडून तारीख बदलतो. दोन मिनिटं लागतात. खाली भावजींनी लिहिलं होतं: ‘ना पिस्तूल, ना रक्त. याला कोणी आजार म्हणत असेल तर असा आजार देव सगळ्यांना देवो.’

मी अठ्ठावीस पुस्तकं नुकतीच वाचून संपवली होती. त्यांत शास्त्रज्ञ होते, इस्पितळंही होती. हा प्रसंग कुठेही नव्हता.

मी पेन्सिल खाली ठेवली. आधी वाटलं, त्यांनी मला मुद्दाम डिवचलंय. मग वाटलं, तसंही नाही. आपण केलेली एवढी सफाईदार गोष्ट वर्षभर कोणाला सांगता आली नव्हती. टाळी वाजवणारं कोणी नव्हतं. ज्याला पस्तावा नाही त्याला ते लपवून ठेवणं म्हणजे नुसती गैरसोय. पण माझं हे म्हणणं चुकीचंही असेल. त्या माणसाच्या आत काय होतं ते मला आजही माहीत नाही.

अण्णा शेजारच्या खोलीत होते. मधे एक पडदा होता. उठून ते पान त्यांच्या हातात द्यायला मला दहा पावलंही लागली नसती.

मी उठले नाही. पानं तपासली, एक वेलांटी दुरुस्त केली आणि काकांना परत पाठवली. वाचनाला एकोणीस दिवस होते. आज अण्णांना सांगितलं तर ते भावजींना फोन करतील, भावजी हसून टाळतील, आणि ते पान बदललं जाईल. मला ते सभागृहात, शंभर माणसांसमोर, त्यांच्याच तोंडून वाचलेलं हवं होतं. त्या एकोणीस दिवसांत अण्णांनी जेवताना तो प्रश्न किती वेळा विचारला ते मी मोजलं नाही. मी वाढत होते.

वाचनाच्या रविवारी सभागृह भरलं होतं. अण्णा आणि आई पुढच्या रांगेत होते. मी पुस्तकांच्या दोन पिशव्या घेऊन बाजूला बसले होते. माझा लेख मी वाचला. मी हळू बोलते, मागे ऐकू गेलं नसावं. मग भावजी उठले. पहिल्या मिनिटात लोक हसू लागले. भटजीच्या वाक्याला टाळ्या पडल्या. फोनचा प्रसंग आला तेव्हा त्यांनी तो नुसता वाचला नाही, करून दाखवला. वाकून, कानाशी हात धरून, घोगऱ्या आवाजात. अण्णांचा आवाज त्यांनी काढला नाही, तेवढं टाळलं. पण अमावास्येची ओळ म्हणाले. सभागृह हसत होतं. मी अण्णांच्या मानेकडे पाहत होते. ती जराही हलली नाही.

“मूळ लेखिकेचा प्रश्न?” अध्यक्ष म्हणाले.

मी उभी राहिले. “फोनचा प्रसंग कोणत्या पुस्तकातला आहे?”

“गोव्याच्या मोहिमेतला.” ते हसत होते.

मी पिशव्या टेबलावर ठेवल्या. “सगळी इथे आहेत. काढून दाखवा.”

“अरे बापरे, ग्रंथपालबाईंनी दप्तर आणलंय!” लोक पुन्हा हसले. ते टेबलाशी आले, एक पुस्तक उचललं, पानं फडफडवली, दुसरं उचललं. “असेल हो यातच कुठे तरी. नाही तर पुढच्या भागात येईल. मी लेखकाला पत्र टाकतो.”

हशा झाला, पण जरा कमी. पुढच्या रांगेतून अण्णा बोलले. आवाज मोठा नव्हता. वर्गात शेवटच्या बाकावरच्या मुलाला विचारावं तसं त्यांनी विचारलं.

“त्या दिवशी अमावास्या आहे, हे त्या हेराला कोणी सांगितलं?”

“अण्णा, गोष्ट आहे ती.”

“आमच्या घरात पंचांग मी उघडलं होतं. तुम्ही पाटावर बसला होता.”

कोणी हसलं नाही. त्या शंभर माणसांत निम्मे तरी अक्काच्या दिवसांना आमच्या घरी येऊन गेले होते. अण्णांनी फोन केला आणि पोर गेली, हे सगळ्यांनी ऐकलेलं होतं, आणि सगळ्यांनी मोठ्या मनाने त्यांना क्षमाही केली होती.

“मी फोन केला नव्हता,” अण्णा म्हणाले. ते भावजींना सांगत नव्हते. आईकडे वळून त्यांनी पुन्हा तेच म्हटलं. “अगं, मी नव्हता केला.”

आई उठली. “चला घरी,” म्हणाली आणि त्यांचा दंड धरला. दाराशी तिने मागे वळून भावजींना म्हटलं, “आता आमच्याकडे यायचं नाही.” अध्यक्षांनी घसा साफ केला आणि पुढचा लेख पुकारला. तो बागकामावर होता.

भावजींनी मला फाटकापाशी गाठलं. त्यांचा चेहरा उतरला असेल, ते गयावया करतील, निदान चिडतील, असं मला वाटलं होतं. दीड वर्ष मी याच क्षणाची वाट पाहिली होती.

“एवढं कशाला करायचं?” ते म्हणाले. जरा कंटाळल्यासारखे. “डॉक्टर म्हणालेच होते, ऑपरेशनमध्येही काही सांगता येत नाही. गोव्याला सगळे वरचे साहेब येणार होते. तीन आठवड्यांत काय होणार, असं कोणालाही वाटलं असतं.”

“अण्णांचं नाव का घेतलंत?”

ते विचारात पडले. खरंच विचारात पडले, आधी कधी मनात न आलेल्या गोष्टीवर पडावं तसे. “सोपं होतं,” ते म्हणाले. “तुझ्या लेखाची एक प्रत मला दे हं. पुण्याला दाखवीन.”

मी त्यांच्या तोंडावर थुंकायला हवं होतं. मी म्हटलं, “एकच प्रत असते.”

संध्याकाळी अण्णा अंगणात बसले होते. मी चहा नेऊन दिला. त्यांच्या चेहऱ्यावर वर्षभर नसलेलं काही तरी होतं. हलकं म्हणावं असं. मला वाटलं, आता ते माझ्या डोक्यावरून हात फिरवतील.

“तुला आधी माहीत होतं?” त्यांनी विचारलं.

“हो.”

“कधीपासून?”

“पानं तपासायला आली तेव्हापासून. एकोणीस दिवस.”

त्यांनी चहा फुंकला. “एकोणीस दिवस मला तसंच बसवून ठेवलंस?”

“आधी सांगितलं असतं तर ते निसटले असते, अण्णा.”

“आता काय झालं? पकडला?” त्यांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, “मला एक दिवस आधी जरी सांगितलं असतंस ना, तरी मी एक दिवस जास्त जेवलो असतो.”

रिकाम्या ओळीबद्दल प्राध्यापकांनी सांगितलेली गोष्ट मला तेव्हा कळली. कार्ड काढून मी त्यावर स्वतःसाठी खुणा केल्या. सगळ्या ओळी भरल्या नाहीत. दोन भरल्या: हेतू लपवून दुसऱ्याला वापरणं, आणि वापरताना त्याच्या दुखण्याकडे न पाहणं. पस्तावा नसणं, या ओळीपाशी मी थांबले. अण्णांना बसवून ठेवल्याचा मला पस्तावा आहे. पण ते पान मी पुन्हा काकांकडे परत पाठवलं असतं का, असं कोणी विचारलं, तर पाठवलं असतं. सभागृहातला हशा कमी होत गेला तो आवाज मला हवा होता. तो मिळाला. गोड होता. पुरला नाही.

तो हेर सोशिओपॅथ होता का, याचं उत्तर मी देऊ शकत नाही. त्याला लेखकाने भूतकाळच दिला नव्हता. आठवायला काही नसलेल्या कागदावरच्या माणसाला विसरल्याबद्दल शिक्षा कोण करणार? जिवंत माणसाचं तसं नाही. त्याच्या हाताशी आठवणी असतात, आणि त्या तो घेत नाही.

भावजींवर खटला झाला नाही. दीड वर्षापूर्वीचा एक फोन आणि हस्तलिखितातला एक परिच्छेद, एवढ्यावर काय होणार, असं मंडळातल्या वकिलांनी सांगितलं. सहा महिन्यांनी ते बढतीवर पुण्याला गेले. काही घरांनी त्यांना निरोपाचं जेवणही दिलं.

अण्णा आणखी तीन वर्षं होते. त्यांचं विसरणं वाढत गेलं आणि तो रविवार त्यांच्या हातून सुटला. फोन मात्र राहिला. जेवता जेवता ते पुन्हा विचारू लागले, “मीच केला होता ना गं?” आणि मी दर वेळी घास खाली ठेवून सांगायचे, “नाही, अण्णा. तुम्ही नव्हता केला. भावजींनी केला होता.” त्यांचा चेहरा दर वेळी नव्याने हलका व्हायचा. कधी एका जेवणात दोनदा. एकदाही मी उशीर केला नाही.

आता अण्णा नाहीत, आईही नाही. भावजी पुण्यात आहेत, त्यांनी दुसरं लग्न केलं, आणि दर दिवाळीला त्यांचं शुभेच्छांचं कार्ड येतं. मी बेंगळुरातच आहे. मी त्यांना क्षमा केलेली नाही.